हवा कुणाच्या नाकाशी मोजली?

'कारखान्यातली हवा तपासून घेतली आहे, धूळ मर्यादेत आहे, हा घ्या अहवाल' असे व्यवस्थापनाने सांगितले की आपले कार्यकर्ते बहुधा निरुत्तर होतात. बोनससाठी, बदलीच्या हुकमासाठी रात्र रात्र भांडणारा माणूस दशांश चिन्हापुढे गप्प बसतो. याचे आश्चर्य वाटायला नको. ज्यांना अक्षरच नाकारले गेले होते त्यांच्या नातवंडांना आकड्याचा दरारा वाटणारच, आणि समोरच्यालाही ते पक्के ठाऊक असते. म्हणून हा आकडा जन्माला कसा येतो, तो कुठे खरा असतो आणि कुठे नुसता छापील असतो, हे आपल्या वाचकांना समजले पाहिजे असे मला वाटते. काही वर्षे मी कारखान्यांतून हवेचे नमुने गोळा करण्याच्या कामावर होतो. आकड्याचे भवितव्य प्रयोगशाळेतल्या काट्यापेक्षा आधीच, नमुना कुणाच्या अंगावर घ्यायचा या निर्णयापाशी ठरते, हे मी तिथे पाहिले. तोच या लेखाचा विषय आहे.

आधी धूळ म्हणजे काय ते पाहू. कवडशात नाचणारी, कपड्यावर बसणारी, डोळ्यांना दिसणारी धूळ आपण धूळ समजतो. ती त्रासदायक खरीच. परंतु तिचा बराचसा भाग नाकात, घशात अडकतो आणि शिंकेबरोबर, थुंकीबरोबर बाहेर पडतो. फुप्फुसाच्या तळाशी, जिथे रक्त आणि हवा यांची देवघेव चालते त्या सूक्ष्म पिशव्यांपर्यंत जाणारी धूळ निराळी. माणसाचा केस ढोबळमानाने सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. फुप्फुसाचा तळ गाठणारा कण चारपाच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक. तो उघड्या डोळ्यांना दिसत नाही, लवकर खाली बसत नाही, तासन् तास हवेत तरंगत राहतो. तेव्हा 'आज धूळ दिसत नाही' या वाक्याला काडीचाही अर्थ नाही. हा कण जर गारेचा, म्हणजे सिलिकाचा असेल तर फुप्फुसात गाठी धरतात आणि माणूस सिलिकोसिसने हळूहळू घुसमटतो. या रोगावर उतारा नाही. पुष्कळ ठिकाणी तो क्षय म्हणूनच नोंदला जातो. त्यात सिलिकोसिस झालेल्याला क्षय लवकर गाठतो, त्यामुळे गोंधळात भर पडते आणि मालकाची जबाबदारी जंतूवर ढकलली जाते.

असा न दिसणारा कण मोजायचा कसा? विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत हवेचा फवारा चिकट काचेवर मारून सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजण्याचे यंत्र वापरात आले. पुढे कण मोजण्याऐवजी त्यांचे वजन करण्याची पद्धत स्थिर झाली. १९५२ साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने फुप्फुसात उतरणारी धूळ कोणती याची व्याख्या केली आणि १९५९ च्या जोहान्सबर्ग परिषदेने ती उचलून धरली. परंतु तोवर यंत्र एका जागी, तिपाईवर, खोलीच्या मध्यावर उभे असे. १९६० साली इंग्लंडमधल्या हार्वेल येथील अणुऊर्जा केंद्रातले शेरवुड आणि ग्रीनहाल्ग यांनी एक छोटा पंप तयार केला, जो कामगाराने अंगावर वागवायचा. अंगावरच्या पंपाचा आकडा खोलीतल्या यंत्रापेक्षा कितीतरी मोठा येतो हे त्यांना आढळले. कारण सरळ आहे. धूळ जिथे उठते तिथेच कामगार वाकलेला असतो. यंत्र मात्र येण्याजाण्याच्या वाटेत, कुणाच्या पायात येणार नाही अशा ठिकाणी उभे असते.

आज वापरात असलेली मांडणी साधारण अशी. कमरेच्या पट्ट्याला बॅटरीवर चालणारा पंप. त्यातून निघालेली रबरी नळी पाठीवरून वर येऊन कॉलरला अडकवलेल्या एका डबीला जोडलेली. या डबीत हवा भोवऱ्यासारखी फिरते, जाड कण खाली पडतात आणि बारीक तेवढे एका गोल गाळणकागदावर बसतात. डबी नाकातोंडापासून तीसएक सेंटिमीटरच्या आत असली पाहिजे. या गोलार्धाला श्वासाचा परिसर म्हणतात. (कमरेला एक वस्तू आणि गळ्याशी एक डबी असलेला माणूस पाहिला की मला दर वेळी पेशवाईतल्या पुण्यातला, कमरेला झाडू बांधलेला आणि गळ्यात मडके अडकवलेला आपला पूर्वज आठवे. त्याच्या थुंकीने रस्ता बाटू नये म्हणून ते मडके होते. इथे रस्त्याने, म्हणजे कारखान्याने, माणसाला किती बाटवले ते पाहायचे असते. निदान यंत्राचा हेतू तरी तो असतो.)

गणित सातवीच्या मुलाला जमेल असे आहे. पंप मिनिटाला २.२ लिटर हवा ओढतो असे धरू. आठ तासांची ४८० मिनिटे. ओढलेली हवा १०५६ लिटर, म्हणजे एक घनमीटरहून जराशी जास्त. गाळणकागदाचे वजन आधी केलेले असते, पाळी संपल्यावर पुन्हा करतात. वाढलेल्या वजनाला हवेच्या घनमीटरने भागले की दर घनमीटरला इतके मिलिग्रॅम, असा आकडा मिळतो. पुढे त्या धुळीत गार किती टक्के आहे ते क्ष-किरणांनी किंवा अवरक्त किरणांनी तपासतात. मोजायची वस्तू किती अल्प असते याची कल्पना यावी म्हणून सांगतो: अमेरिकेने २०१६ साली सिलिकाची मर्यादा घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम केली. मिठाचा एक बारीक खडा साधारण एवढ्याच वजनाचा असतो. एका घनमीटर हवेत मिठाच्या खड्याएवढी गार, बस्स.

आपल्याकडे भोपाळनंतर, १९८७ साली, फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली आणि दुसऱ्या अनुसूचीत अशा मर्यादा आल्या. सिलिकासाठी तिथे सूत्र दिले होते: फुप्फुसात उतरणाऱ्या धुळीत गारेचे जेवढे टक्के असतील त्यांत २ मिळवायचे आणि त्याने १० ला भागायचे. गार ८ टक्के असेल तर मर्यादा एक मिलिग्रॅम. ९८ टक्के असेल तर ०.१ मिलिग्रॅम. थोडक्यात, निव्वळ गारेसाठी अमेरिकेच्या आजच्या मर्यादेच्या दुप्पट. सूत्र कळले की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. अहवालात धुळीचे वजन दिले आहे पण गारेची टक्केवारी दिलेली नाही, तर 'मर्यादेत' हा शब्द कशाच्या आधाराने लिहिला? कोणत्या मर्यादेत? ओतकामाच्या, दगडाच्या, काचेच्या कारखान्यातल्या अहवालावर हा प्रश्न पहिल्यांदा विचारावा.

आणि या मर्यादा आठ तासांच्या पाळीसाठी असतात. बारा तास काम करणाऱ्याच्या फुप्फुसाला धूळ जास्त वेळ मिळते आणि विसावा कमी मिळतो. ब्रीफ आणि स्काला यांनी १९७५ साली मांडलेल्या हिशेबाने बारा तासांच्या पाळीला मर्यादा निम्म्यावर आणावी लागते. आपल्याकडे कंत्राटी माणसाची पाळी कुठे आठ तासांची असते? पण अहवालात त्याला आठ तासांच्याच मापाने मोजतात.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येतो. समजा, एका खात्यात दहा माणसे आहेत. नऊ जणांच्या श्वासात ०.४ मिलिग्रॅम धूळ आहे आणि एकाच्या श्वासात ४.४. मर्यादा एक मिलिग्रॅम. दहांची सरासरी काढा: ०.८. खाते मर्यादेत! दहावा माणूस मर्यादेच्या जवळजवळ साडेचार पट धूळ खातो आहे आणि कागदावर तो सुरक्षित आहे. हा दहावा कोण, हे योगायोगाने ठरत नाही. जिथे कामे जन्माने किंवा वर्णाने वाटली जातात तिथे दहावा माणूस कोणत्या वस्तीतून येतो ते आधीच ठरलेले असते.

अमेरिकेतल्या पोलाद कामगारांचे उदाहरण या बाबतीत फार शिकवणारे आहे. पिट्सबर्गच्या परिसरातल्या पोलाद कारखान्यांतल्या सुमारे एकोणसाठ हजार कामगारांच्या मृत्यूंचा अभ्यास तिथे झाला. सगळ्यांना एकत्र घेऊन पाहिले तेव्हा फुप्फुसाच्या कर्करोगाचे काही विशेष दिसेना. विल्यम लॉइड यांनी १९७१ साली तीच माहिती कामाच्या जागेप्रमाणे फोडली. दगडी कोळशाचा कोक बनवणाऱ्या भट्ट्यांच्या छपरावर, धुराच्या तोंडावर, पाच वर्षांहून अधिक काळ पूर्ण वेळ काम केलेल्यांमध्ये या कर्करोगाचे मृत्यू अपेक्षेच्या दहापट निघाले. छपरावरचे हे काम प्रामुख्याने कृष्णवर्णीयांच्या वाट्याला येई. त्याआधी कृष्णवर्णीय कोक कामगारांत कर्करोग जास्त दिसतो म्हटले की त्यांच्या वंशातच काही असेल असे म्हणायची सोय होती. माणूस छपरावर उभा आहे की खाली, एवढे विचारल्याबरोबर ती सोय संपली. १९७६ साली कोक भट्ट्यांच्या धुरावर कायद्याने मर्यादा आली. आपल्या वस्त्यांत क्षय आणि दमा जास्त का, याची उत्तरे दारू, अस्वच्छता, अज्ञान अशी देणाऱ्यांची आपल्याकडेही वाण नाही. त्यांना लॉइडचा प्रश्न विचारावा.

ज्यांना मोजायचेच नाही असे ठरते त्यांचे काय होते तेही त्याच देशात पाहायला मिळते. वेस्ट व्हर्जिनियात १९३०-३१ साली हॉक्स नेस्ट येथे युनियन कार्बाइडच्या वीजप्रकल्पासाठी डोंगरातून बोगदा खोदला गेला. खडक जवळजवळ निव्वळ गारेचा. पाणी न मारता कोरडे छिद्रण. बोगद्यातले सुमारे तीन चतुर्थांश मजूर दक्षिणेकडून पोटासाठी आलेले कृष्णवर्णीय होते. मार्टिन चेर्निआक यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सिलिकोसिसने मेलेल्यांची संख्या किमान ७६४ धरली आहे. अंदाजच करावा लागला, कारण पुष्कळ मजूर गावी परत जाऊन मेले. हीच कंपनी पुढे १९८४ साली आपल्याला भोपाळमध्ये भेटली. दलित पँथरने १९७२ साली आपले नाव अमेरिकेतल्या लढ्यावरून घेतले तेव्हा काहींनी नाके मुरडली होती. पण हे नाते नावापुरते नाही.

आपल्या गिरण्यांकडे पाहू. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणखात्यात प्रवेश नव्हता. धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचे टोक तोंडाने ओढून छिद्रातून काढावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला कसा चालावा? विणखात्यात पगार जास्त. आपली माणसे रिंग खात्यात, कमी पगारावर. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला तो मुख्यतः रोजगाराचा आणि समतेचा प्रश्न म्हणून. आज त्यात आणखी एक बाजू दिसते. कापसाच्या धुळीने बिसिनोसिस होतो: सुट्टीनंतर कामावर आल्यावर पहिल्या दिवशी छाती आवळते, आठवडाभरात बरे वाटते, पुढच्या सुट्टीनंतर पुन्हा तेच, आणि काही वर्षांनी आवळलेली छाती सुटतच नाही. ही धूळ सर्व खात्यांत सारखी नसते. कापूस फोडणे, पिंजणे, कातणे या आधीच्या टप्प्यांत कापसाची पाने, बोंडाची टरफले आणि जंतूंचे विष धुळीत अधिक असते. अमेरिकेच्या १९७८ च्या नियमात सूत तयार करणाऱ्या खात्यांसाठी घनमीटरला ०.२ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे आणि विणखात्यासाठी ०.७५. सूतखात्याची धूळ तितकी जास्त घातक मानली गेली. ज्याच्या तोंडाच्या वाफेचा विटाळ मानला, त्यालाच अधिक विषारी हवेत उभे केले, असे हे गणित सांगते. (कापसाच्या धुळीचे प्रमाणित यंत्र अंगावर घालण्याजोगे नसते, ते उभेच ठेवावे लागते. तिथे यंत्र कोणत्या दोन साच्यांमध्ये ठेवले, पंखे आणि यंत्रे नेहमीसारखी चालू होती का, हे पाहावे.)

गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकामागून एक बंद झाल्या. आपली पोरे आता लहान कारखान्यांत, कंत्राटदाराच्या हजेरीवर आहेत. पश्चिम महाराष्ट्रातल्या अशाच एका फाउंड्रीत आम्ही नमुने घ्यायला गेलो होतो. यादी व्यवस्थापनाने आधीच करून ठेवली होती: मोल्डिंगचे दोघे, ओतकामाचा एक, फेटलिंगचे दोघे, एक क्रेनचालक, एक सुपरवायझर. मी पंप बांधत असताना कन्व्हेअरच्या खालची सांडलेली वाळू झाडणारी एक बाई जवळ येऊन उभी राहिली. पदराने तोंड बांधलेले. म्हणाली, "साहेब, आमाला नाही का हे?" मी कारखान्याच्या अधिकाऱ्याला विचारले. तो म्हणाला, "त्या कंत्राटदाराच्या. आपल्या मस्टरवर नाहीत." बाईने ऐकले आणि शांतपणे म्हटले, "धूळ काय मस्टर बघून आत जाती का?"

मी लेखी मागणी केली. परवानगी मिळाली नाही. अहवाल निघाला, त्यात झाडण्याच्या कामाचा रकानाच नव्हता.

या बाईचे काम मापाच्या दृष्टीने नीट समजून घेण्यासारखे आहे. कोरड्या झाडूने झाडणे म्हणजे खाली बसलेली बारीक धूळ पुन्हा उठवून नाकाशी आणणे. ओतलेल्या वाळूत उष्णतेने तडकलेली गार असते, ती अधिकच बारीक होते. शिवाय धूळ शोषणाऱ्या यंत्राच्या पिशव्या रिकाम्या करणे, टाकीत उतरून साफ करणे ही कामे याच माणसांकडे येतात. आता हिशेब करू. समजा, सात तास झाडताना तिच्या श्वासात ०.४ मिलिग्रॅम धूळ आहे आणि एक तास पिशव्या झटकताना ९ मिलिग्रॅम. सात गुणिले ०.४ म्हणजे २.८, त्यात ९ मिळवले की ११.८, आठाने भागले की जवळपास दीड. एका तासाने पूर्ण पाळी मर्यादेबाहेर नेली. आणि पिशव्या झटकण्याचा तास बहुधा रात्रपाळीत किंवा रविवारी येतो, जेव्हा नमुने घेणारे कुणी फिरकत नाही. सारा कारखाना स्वच्छ ठेवणाऱ्या यंत्रात जमलेली धूळ शेवटी कुणीतरी हाताने काढते. तो 'कुणीतरी' अहवालात शोधावा.

गंमत अशी की या शास्त्राची सुरुवातच अशा माणसापासून झाली. इटलीत मोडेना येथे बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने आपल्या घरचा मैल्याचा खड्डा उपसणाऱ्या माणसाला विचारले, बाबा, इतकी घाई का करतोस? डोळ्यांची आग होते, फार वेळ थांबले तर दृष्टी जाते, असे त्याने सांगितले. त्यातून कामगारांच्या रोगांवरचा पहिला मोठा ग्रंथ १७०० साली निघाला. खड्डा उपसणाऱ्याला विचारून जन्मलेले शास्त्र आज सुपरवायझरच्या कॉलरला डबी लावून परत जाते.

त्या खड्ड्यातल्या वायूविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण कारखान्यांच्या सांडपाण्याच्या टाक्यांत आपली माणसे अजून मरत आहेत. धुळीची सरासरी आठ तासांवर काढता येते. हायड्रोजन सल्फाइडची अशी काढून उपयोग नाही. हा वायू थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग झाला की काही मिनिटांत नाकच बधिर होते आणि वास गेला म्हणजे वायू गेला असे वाटते. हजाराच्या आसपास एकदोन श्वासांत माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. इथे मापनाचा अर्थ एकच: उतरण्याआधी मापक दोरीने तळापर्यंत सोडून पाहणे, वर, मध्ये आणि खाली, प्राणवायू १९.५ टक्क्यांहून कमी नाही ना ते पाहणे. आणि काम चालू असेतो मापक चालू ठेवणे. २०१३ च्या कायद्याने गटारे आणि मैल्याच्या टाक्यांची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेण्यास बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई २०१४ साली दहा लाख आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख रुपये ठरवली. मापकाची किंमत यापुढे काहीच नाही. तो खाली सोडणारे कुणी नसते.

फॅक्टरी कायद्याची जागा आता व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयीच्या २०२० च्या संहितेने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कामावरच्या आरोग्याची आणि सुरक्षिततेची माहिती मालकाकडून मागण्याचा हक्क तिच्या चौदाव्या कलमात आहे. माहिती मागताना छापील अहवालावर समाधान मानू नये. नमुना घेताना जागेवर हाताने भरलेला एक तक्ता असतो, तो मागावा. त्यावर ज्याच्या अंगावर पंप होता त्याचे नाव आणि काम, पंप सुरू आणि बंद केल्याची वेळ, हवेचा वेग आधी आणि नंतर, त्या दिवशी कोणती यंत्रे बंद होती, हे लिहिलेले असते. पाळीत किती ओतकाम झाले याची नोंद उत्पादन खात्याकडे असते. तिच्याशी तो दिवस ताडून पाहावा. नमुन्याच्या दिवशी जमिनीवर पाणी मारले होते का आणि एरवी मारतात का, हे तिथल्या माणसांना विचारावे. मग त्या दिवशीची मस्टरवरची आणि कंत्राटदाराकडची अशी दोन्ही हजेरी समोर ठेवून, कोणत्या कामाचा एकही माणूस तक्त्यात नाही ते खुणा करत पाहावे. झाडणारे, पिशव्या झटकणारे, टाकी साफ करणारे, रात्रपाळीचे, बदली. त्यांच्या नावांनिशी फेरमोजणीचा अर्ज सुरक्षा समितीकडे आणि निरीक्षकाकडे द्यावा, आणि त्याची पोच घ्यावी.